खुसपट : एक शब्द आणि एक सबब

आमच्या देवस्थानांच्या सभांत, ज्ञातिसंस्थांच्या बैठकांत आणि मंडळांच्या वार्षिक अधिवेशनांत एक शब्द अलीकडे इतक्या सढळ हाताने वापरला जातो की त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो शब्द म्हणजे ‘खुसपट’. कोणी जमाखर्चातील एखाद्या रकमेवर बोट ठेवावे, कोणी मागील सभेच्या इतिवृत्तातील एखादे वाक्य पुन्हा वाचावयास सांगावे, कोणी ठरावाच्या मसुद्यातील ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ हवा म्हणावे, की व्यासपीठावरून अथवा पहिल्या रांगेतून उद्गार निघतो, ‘उगीच खुसपट काढू नका हो!’ सभा हसते, विचारणारा खाली बसतो, अध्यक्ष पुढील विषय पुकारतात. प्रश्नाला उत्तर मिळाले की नाही, हे कोणी विचारीत नाही.

आमचा व्यवसाय वकिलीचा. शब्दाच्या अर्थावरून भांडणे हे आमचे पोटापाण्याचे काम. तेव्हा एका शब्दासाठी इतकी पाने खर्ची घालणाऱ्या आमच्यावरही खुसपटाचा आरोप येणार, हे आम्ही जाणून आहोत. आरोप आला तर तो आम्ही ऐकून घेऊ. ऐकून न घेता निकाल देणे हाच ज्याच्याविरुद्ध आम्ही लिहीत आहोत तो दोष आहे.

ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिणे आम्हांस भाग पडले तो आधी सांगतो. देवस्थानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. वार्षिक सभेत 2020-21 या सालच्या जमाखर्चाचे वाचन चालू होते. साथीमुळे त्या वर्षी मंदिराचे दार भाविकांसाठी कित्येक महिने बंद होते. नित्यपूजा चुकली नाही, नंदादीप विझला नाही, परंतु पालखी काही बाहेर निघाली नव्हती. शेवटच्या रांगेतून एक वृद्ध महाजन उठले. सारा जन्म प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेले गृहस्थ. हातात जमाखर्चाची छापील प्रत, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा. त्यांनी विचारले, ‘पालखीच्या दिवट्यांचे तेल आणि वाजंत्र्यांची बिदागी या दोन रकमा मागील सालाइतक्याच, रुपयापर्यंत त्याच, कशा आल्या? पालखी तर निघाली नाही.’

रक्कम लहान होती. वेळ दुपारची होती, महाप्रसादाची पाने मांडली जात होती, आणि नव्या सभागृहाचा मोठा विषय पुढे उभा होता. आम्ही सल्लागार या नात्याने व्यासपीठावर बसलो होतो. ‘मास्तर, देवाच्या तेलात कसली खुसपटे शोधता?’ हे वाक्य आमच्याच तोंडचे आहे. सभा हसली. मास्तर क्षणभर उभे राहिले, मग उपरणे सावरून खाली बसले. पुढे काय झाले ते योग्य जागी सांगू. तूर्त त्या दिवशी आम्ही जो शब्द वापरला, तो नीट पाहू.

‘खुसपट’ किंवा ‘कुसपट’ म्हणजे काडीचा, गवताचा, भुशाचा बारीकसा कण. बोटात शिरावा, डोळ्यात जावा, धोतराच्या काठाला चिकटून पोटरीला टोचत राहावा, असा. कूस आणि कुसळ हे त्याचे सगोत्र शब्द. पावसाळा सरल्यावर सह्याद्रीच्या उतरणीवर कुसळी गवत पिकते. ज्यांनी त्यातून वाट काढली आहे त्यांस कुसळ म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. त्याचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. ओल लागली की त्याचा पीळ उलगडतो, सुकले की पुन्हा वळतो, आणि अशा वळण्याउलगडण्याने ते स्वतःच आत आत घुसत जाते. गाईगुरांच्या तोंडात आणि मेंढरांच्या कातडीत शिरलेले कुसळ जखमा करते. कण लहान आहे म्हणून त्याची उपेक्षा करावी असा सल्ला कोणताही गुराखी देणार नाही.

आता क्रियापद पाहा. खुसपट आपण ‘काढतो’. मराठीत ‘काढणे’ या क्रियेला दोन तोंडे आहेत. रुतलेली वस्तू बाहेर काढणे हे एक, आणि जे समोर नव्हते ते उकरून काढणे हे दुसरे. पायातला काटा काढणारा उपकारकर्ता असतो, पण एखाद्या माणसाचा ‘काटा काढणारा’ तसा नसतो. खुसपटाचेही तेच आहे. मुलाच्या डोळ्यात गेलेले खुसपट पदराच्या टोकाने काढणारी आई आणि सरळ चाललेल्या कामात खुसपट काढणारा खोडसाळ माणूस, दोघांच्या कृतीला भाषेने एकच नाव दिले आहे. आमच्या सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. एकाच शब्दाच्या दोन अर्थांपैकी वाईट अर्थ उचलावयाचा आणि तो चांगल्या माणसाला चिकटवावयाचा. न्यायशास्त्रात याला वाक्छल म्हणतात. ‘नवकंबल’ म्हणजे नवे घोंगडे असणारा, असे बोलणाऱ्याच्या मनात असताना ‘याच्यापाशी नऊ घोंगडी कोठे आहेत?’ असे विचारणे, हे त्याचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण. गंमत अशी की खुसपट काढणाऱ्यावर जो छलाचा आरोप असतो, तोच छल ‘खुसपट’ म्हणणारा स्वतः करीत असतो.

इतर भाषांकडे व इतर शब्दांकडे पाहिले तरी हीच रचना दिसते. संस्कृतातून आलेला ‘छिद्रान्वेष’ म्हणजे भोक शोधणे. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमचे बांधव शेजारच्या हिंदीत रोज ऐकतात ती ‘नुक्ताचीनी’ म्हणजे फारसीतून आलेली, ठिपके वेचण्याची क्रिया. कोठे भोक, कोठे ठिपका, कोठे काडी. वस्तू लहान आहे हे खरे. परंतु या सर्व शब्दांत निंदा आहे ती वस्तूच्या लहानपणाची नसून शोधण्याच्या हेतूची आहे. नाव बुडविणारे भोकही छिद्रच असते. ते शोधणाऱ्या खलाशाला छिद्रान्वेषी म्हणून कोणी हिणवीत नाही.

लहान म्हणजे क्षुद्र, हे समीकरण आपल्या धर्मपरंपरेने तर कधीच मानलेले नाही. त्वष्ट्याने इंद्राच्या नाशासाठी यज्ञ केला आणि ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकविला, ही कथा वेदपाठशाळेतील प्रत्येक बटूला ठाऊक असते. अंत्य अक्षरावर उदात्त असता तर ‘इंद्राला मारणारा’ असा अर्थ झाला असता. तो आद्य अक्षरावर पडला आणि ‘इंद्र ज्याला मारणारा आहे असा’ असा अर्थ झाला. शब्द तोच, अक्षरे तीच, फरक केवळ स्वराचा, आणि वृत्र मेला. त्या यज्ञात एखाद्या ऋत्विजाने हात वर करून ‘स्वर चुकला’ म्हटले असते, तर त्याला खुसपट काढणारा म्हणावयाचे काय?

कथा सोडून इतिहास घेऊ. शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. अनेक पोथ्या जमवून, शब्दाशब्दाशी थांबून, शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये असे बजावून ठेवले. अक्षरांच्या या निवडानिवडीहून बारीक काम ते कोणते? तरी आज सारा वारकरी संप्रदाय त्या उपकाराचे स्मरण ठेवून आहे. आमच्या गोव्यातील प्रियोळचे अनंत काकबा प्रियोळकर यांनी 1935 साली रघुनाथपंडितांच्या ‘दमयंतीस्वयंवरा’ची चिकित्सक आवृत्ती काढली, तीही अशाच चिकाटीतून. हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्या माणसाला काना-मात्रेचा कंटाळा करून चालत नाही. एकनाथांचे आणि प्रियोळकरांचे काम लहान वस्तूंचे होते, क्षुद्र नव्हते. त्यांनी खुसपट काढले ते ग्रंथाच्या डोळ्यातून.

मग खरे खुसपट ओळखावे कसे? येथे आमच्या व्यवसायाचा थोडा उपयोग आहे. क्षुल्लक काय आणि महत्त्वाचे काय, हा प्रश्न कायद्याला रोज सोडवावा लागतो, आणि त्याने तो बऱ्याच शहाणपणाने सोडविला आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे 99 वे कलम सांगते की दाव्याच्या गुणावगुणांवर किंवा न्यायालयाच्या अधिकारावर परिणाम न करणारी चूक वा अनियमितता दाखवून अपिलात हुकूमनामा फिरविता येणार नाही. चूक आहे हे येथे नाकारलेले नाही. ती मूळ विषयाला पोचते की नाही एवढेच विचारले आहे. फौजदारी कायद्याचीही हीच रीत. 1860 च्या दंड संहितेच्या 95 व्या कलमात, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 33 व्या कलमात, सामान्य समजुतीचा व स्वभावाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी अल्प इजा हा गुन्हा मानलेला नाही. कसोटी सामान्य माणसाच्या समजुतीची आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या समजुतीची नाही. आमच्या सभांत मात्र हिशेब क्षुल्लक आहे की नाही याचा निर्णय हिशेब ठेवणाराच देतो!

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच दिवाणी संहितेत, सहाव्या आदेशाच्या सोळाव्या नियमात, निरर्थक अथवा केवळ त्रास देण्यासाठी घातलेला मजकूर पक्षकाराच्या कैफियतीतून खोडून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे. पण हे करण्यापूर्वी न्यायाधीश तो मजकूर वाचतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि खोडण्याची कारणे देतो. ‘खुसपट’ हा निकाल आहे. तो सुनावणीच्या अखेरीस येऊ शकतो, आरंभी नाही. आमच्या सभागृहांत तो आरंभीच येतो, आणि त्याच्यामागोमाग सुनावणी संपते.

देवस्थानांच्या बाबतीत तर ‘हिशेब विचारणे हे खुसपट’ असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही कारभाऱ्याला नाही. गोव्यातील देवस्थानांना पोर्तुगीज अमदानीत 1933 साली घालून दिलेले महाजनांचे नियम अद्याप लागू आहेत. त्यांनुसार कारभारी समिती महाजन निवडतात आणि तिच्यावर मामलेदाराची देखरेख असते. महाराष्ट्रात आणि बडोद्याकडे गुजरातेत 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या 32 व्या व 33 व्या कलमांनी हिशेब ठेवणे व ते तपासून घेणे बंधनकारक केले, आणि तोच कायदा पुढे दोन्ही राज्यांनी आपापल्या नावाने चालू ठेवला. इंदूर-ग्वाल्हेरसाठी मध्य प्रदेशाचा 1951 चा कायदा आहे. स्वतंत्र कायद्याने वगळलेले नाही तेथे दिवाणी संहितेचे 92 वे कलम आहेच. त्या कलमातील एक तरतूद आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी. सार्वजनिक धार्मिक न्यासाच्या हिशेबासाठी दावा लावण्यास त्यात ज्यांचा हितसंबंध आहे अशा केवळ दोन व्यक्ती पुरतात, मात्र त्यांनी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. परवानगीची अट ही खुसपटे गाळण्याची चाळण आहे, आणि दोघांची संख्या ही विचारणाऱ्याला दिलेली हमी आहे. बहुमताची अट कायद्याने घातलेली नाही. सभा हसली म्हणून हिशेबाचा हक्क बुडत नाही.

यावर जो पूर्वपक्ष उभा राहील तो आम्ही टाळीत नाही. ‘तुम्ही म्हणता ते ठीक, पण खरोखरच खुसपट काढणारे लोक असतात आणि त्यांच्यापायी संस्था बंद पडतात, त्यांचे काय?’ असतात, आणि त्यांचा अनुभव आम्हांसही आहे. एका देवस्थानात जीर्णोद्धाराचा ठराव तीन सभा लांबला. पहिल्या सभेत एका गृहस्थांनी हरकत घेतली की सूचनापत्र डाव्या खांबावर लावले, उजव्या नव्हे. ती हरकत दूर झाली तेव्हा निमंत्रणपत्रिकेत त्यांच्या घराण्याचे नाव दुसऱ्या घराण्याच्या खाली आल्याचे त्यांच्या ध्यानात आले. तेही बदलले, तेव्हा तिसऱ्या सभेत त्यांनी विचारले की दगड कोणत्या दिशेच्या खाणीतून आणणार. मधल्या काळात पावसाने गर्भागाराच्या भिंतीला ओल धरली. समितीच्या निवडणुकीत त्या गृहस्थांचा पराभव झाला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

या गृहस्थांत आणि मास्तरांत फरक काय, हे शब्दांत मांडता आले पाहिजे. नाहीतर आमचा सारा खटाटोप व्यर्थ. आम्हांस तीन खुणा दिसतात.

पहिली, उत्तराने समाधान होते की नाही. मास्तरांच्या प्रश्नाला एक पावती दाखविली असती तर तो तेथेच संपला असता. खांबवाल्या गृहस्थांची प्रत्येक हरकत दूर झाली की तिच्या जागी नवी उगवत होती. ते खुसपट कामातून काढीत नव्हते, खिशातून काढीत होते.

दुसरी खूण आम्ही 99 व्या कलमावरून घेतो. दोष मान्य केला तर मूळ गोष्टीत काही फरक पडतो काय? सूचनापत्र उजव्या खांबावर असते तरी ते तितक्याच जणांनी वाचले असते. परंतु न निघालेल्या पालखीचे तेल जमाखर्चात असेल, तर तो कागद जमाखर्चच राहत नाही.

तिसरी खूण न्यायसूत्रांत फार पूर्वी सांगून ठेवलेली आहे. चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे प्रकार तेथे केले आहेत. वादात दोन्ही पक्षांना तत्त्व हवे असते. जल्पात विजय हवा असतो. वितंडेत स्वतःचा पक्ष स्थापन न करता केवळ समोरच्याचे खंडन करावयाचे असते. ‘मग आपल्या मते काय करावे?’ असे खुसपट काढणाराला विचारून पाहा, तो ताकास तूर लागू देणार नाही. मास्तरांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, प्रत्येक खर्चाला पावती जोडा. त्यांच्यापाशी पक्ष होता. आम्ही विचारलेच नाही.

क्षुल्लकावर बोट ठेवून मुख्य प्रश्न टाळण्याचे काम केवळ पराभूत उमेदवार करीत नाहीत, थोर लेखकही करतात, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दिसते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 साली सुरू झाली. तिने मराठी गद्याला जे तेज दिले त्याचे ऋण आमच्यासारख्या प्रत्येक लिहिणाऱ्यावर आहे. परंतु जोतीराव फुल्यांचा समाचार घेताना शास्त्रीबोवांनी त्यांच्या भाषेची व व्याकरणाची जी टर उडविली, ती आज वाचताना मन खिन्न होते. 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिणाऱ्या माणसाने विचारलेले प्रश्न माणसाच्या मोलाविषयीचे होते. त्यांना विभक्तिप्रत्ययाने उत्तर मिळत नसते. व्याकरण अशुद्ध होते असे क्षणभर मानले तरी प्रश्न शुद्ध होता. आमच्या पूर्वसूरींच्या लेखणीतले हे खुसपट आम्ही दाखवितो, कारण ज्यांची लेखणी आम्ही वंदनीय मानतो त्यांच्याच चुकीपासून शिकणे अधिक उपयोगी.

येथे एक गोष्ट दृष्टीस पडते, तिच्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. खुसपटाचे वजन ते कोण काढतो यावर अवलंबून असते. ज्याच्या हाती काही नाही त्याचे खुसपट फार तर सभेचा अर्धा तास खाते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचे खुसपट माणसाचे आयुष्य खाते. हे गोव्यातील वाचकांना तरी फोड करून सांगावयास नको. येथे 1560 पासून धर्मसमीक्षण सभेचा अंमल बसला. तिने 14 एप्रिल 1736 रोजी काढलेल्या फर्मानात धर्मांतरित ख्रिस्ती लोकांना काय काय मना केले होते? दारी तुळस लावणे, लग्नात ओव्या म्हणणे, पुरुषांनी धोतर आणि स्त्रियांनी चोळी घालणे, इतकेच काय, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजविणे! हे सारे प्रियोळकरांनी 1961 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. चुलीवरच्या भांड्यात मीठ आहे की नाही हे पाहण्यापर्यंत जेथे राज्याची नजर पोचते, तेथे खुसपटाचे पूर्ण वाढलेले रूप दिसते. ज्या आमच्या दैवतांना त्या राज्याच्या सुरुवातीच्या काळात साष्टी-बारदेशांतून अंत्रुज महालात यावे लागले, त्यांच्याच दारात आज आम्ही, एका म्हाताऱ्या माणसाने तेलाचा हिशेब विचारला म्हणून, त्याला खुसपट्या ठरवितो. वरून खाली काढले जाणारे खुसपट आणि खालून वर विचारला जाणारा प्रश्न यांतील भेद ज्यांना इतिहासाने शिकविला, त्यांनी तरी तो विसरू नये.

‘देवाच्या दारात संशय नको’ असाही एक युक्तिवाद आम्ही ऐकतो. भक्तीचा आणि हिशेबाचा विरोध आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. भाविक देवापुढे जे ठेवतो ते देवाला दिलेले असते, समितीला नव्हे. देव हिशेब विचारीत नाही, म्हणून त्याच्या वतीने माणसाने तो विचारावयाचा असतो. कायद्यानेही देवमूर्तीला मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानले आहे, आणि तिची काळजी अज्ञानाच्या मालमत्तेसारखी वाहावी अशी दृष्टी न्यायालयांनी ठेवली आहे. अज्ञान मुलाच्या पालकाने ‘हिशेब काय विचारता, माझ्यावर विश्वास नाही काय?’ असे न्यायालयात म्हटले तर न्यायाधीश त्याला काय सांगेल, याची कल्पना वाचकांनी करावी. ‘घरच्या गोष्टी चव्हाट्यावर नकोत’ हे म्हणणेही असेच. सभामंडप हा चव्हाटा नव्हे. जी गोष्ट सभामंडपात विचारू दिली जात नाही तीच शेवटी चव्हाट्यावर जाते, आणि तेथून आमच्या कचेरीत येते. आमच्याकडे आलेल्या देवस्थानांच्या तंट्यांपैकी कित्येक तंटे एका अनुत्तरित, लहानशा प्रश्नापासून सुरू झालेले आम्ही पाहिले आहेत.

आता मास्तरांच्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते सांगतो. काही महिन्यांनी बँकेतील शिल्लक आणि जमाखर्चातील शिल्लक जुळेना, म्हणून हिशेब तपासनिसाने मूळ पावत्या मागविल्या. तेव्हा उघड झाले की कारकुनाने अंदाजपत्रकातील आकडे तसेच्या तसे खर्चाच्या रकान्यात उतरविले होते, आणि तेही केवळ तेलाच्या व वाजंत्र्यांच्या बाबतीत नव्हे, अकरा बाबतींत. अपहार झालेला नव्हता. पैसा बँकेतच होता. पण सभेने टाळ्या वाजवून संमत केलेला आणि आम्ही सल्लागार म्हणून मान डोलावलेला तो जमाखर्च खोटा होता. पेन्सिल घेऊन तो वाचणारा माणूस सबंध सभेत एकच निघाला, आणि त्याला आम्ही खाली बसविले.

आम्ही मास्तरांच्या घरी गेलो आणि जे घडले ते सांगून क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, हिशेब जुळला याबद्दल आनंद दर्शविला आणि आमच्या वाक्याचा उल्लेखही केला नाही. पुढील सभेला येण्याचा आग्रह आम्ही केला तेव्हा म्हणाले, ‘आता डोळ्यांना कमी दिसते, वकीलसाहेब. वाचता येत नाही, मग येऊन काय करू?’ ओसरीवर त्यांचे त्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडे पडले होते, आणि त्याच्यावर पेन्सिलीच्या ताज्या खुणा होत्या. त्यानंतरच्या एकाही सभेला ते आलेले नाहीत.

खुसपट या शब्दाच्या गैरवापराची खरी किंमत ही आहे. खोडसाळ माणूस त्या शब्दाने कधीच गप्प बसत नाही, उलट त्याला चेव येतो. गप्प बसतो तो भिडस्त, सज्जन आणि काळजीपूर्वक वाचणारा माणूस. म्हणजे ज्याच्यासाठी शब्द घडला त्याला तो लागत नाही, आणि ज्याला लागतो त्याच्यासाठी तो घडलेला नव्हता. अशी पाच-सात माणसे उठून गेली की संस्थेत उरतात ते वाचल्यावाचून हात वर करणारे आणि वाचूनही विरोधासाठी विरोध करणारे. पुढे काय होते ते आपण ठिकठिकाणी पाहत आहोत.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. शब्द टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. शब्द चांगला आहे, टोकदार आहे, आणि खांबवाल्या गृहस्थांसाठी तो हवाच. परंतु व्यासपीठावर बसलेल्या माणसाने तो उच्चारू नये. ज्याला प्रश्न विचारला आहे त्याने त्याला खुसपट म्हणणे म्हणजे आरोपीनेच न्यायासनावर बसणे होय. प्रत्येक प्रश्न, कितीही लहान असो, विचारणाऱ्याच्या शब्दांत इतिवृत्तात लिहावा. त्याच सभेत उत्तर देता आले नाही तर पुढील सभेत प्रथम ते द्यावे. उत्तर मिळूनही कोणी तोच प्रश्न पुन्हा उकरून काढला, तर त्या वेळी सभेने खुशाल म्हणावे की हे खुसपट आहे, आणि तेही इतिवृत्तात लिहावे. एवढ्याने वाद संपतील असे नाही, पण ते वाद राहतील, वितंडा होणार नाहीत.

आम्ही ज्या देवस्थानाचे सल्लागार आहोत तेथे ही सूचना लेखी दिली आहे. ती अद्याप विचारार्थ आहे. मध्यंतरी एका कारभाऱ्यांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, ‘वकीलसाहेब, तुमच्यासारख्याने हे खुसपट कशाला काढावे?’ आम्ही त्यांस मास्तरांच्या घरचा पत्ता दिला.